धुकं उठताच कळवू

१

खोटं बोलायची मला सवय नाही, हे आधीच सांगते. खोटं बोलायचा मला पगार मिळतो, आणि या दोन गोष्टींत फरक आहे असं मी गेल्या शुक्रवारपर्यंत मानत होते.

माझं नाव विद्युल्लता. एवढं लांबलचक नाव हेडफोनवर कोण घेणार, म्हणून ऑफिसात सगळे विद्याताई म्हणतात. भिवंडीत राहते आणि दापोड्याला एका कुरिअर कंपनीच्या गोदामात तक्रारींच्या टेबलावर बसते. सकाळी सात ते दुपारी तीन. दिल्लीहून औषधं, चष्मे, मोबाईलचे सुटे भाग विमानानं मुंबईला येतात, तिथून ट्रकनं आमच्याकडे, आणि आमच्याकडून ठाणे जिल्हाभर. वेळेवर पोचलं तर आम्हाला कोणी ओळखत नाही. उशीर झाला की फोन आमच्या कानात वाजतो.

हिवाळ्यात तर विचारू नका. दिल्लीच्या विमानतळावर पहाटे धुकं उतरतं, धावपट्टी दिसेनाशी होते. मग दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं, आणि पाठोपाठ सुटणारी विमानं रांगेत ताटकळतात. एकच विमान दिवसात चार-पाच गावं करत असतं. त्याची सकाळची पहिली फेरी अडकली, की जिथं लख्ख ऊन आहे त्या गावातली माणसंसुद्धा संध्याकाळी खुर्च्यांवर बसून राहतात. धुकं एका गावात आणि अडकलेली माणसं दहा गावांत, असा सगळा प्रकार. हे मला पाठ आहे, कारण दिवसाला पन्नास वेळा मी हेच समजावून सांगते.

पण त्यातलं निम्मं धुकं आमचं असतं, हेही सांगून टाकते. पार्सल भिजलं, चुकीच्या पोत्यात गेलं, कोणाच्या तरी पायाखाली आलं, शेरा एकच. संगणकावर उशिराच्या कारणांची यादी येते, त्यात अकरा कारणं आहेत. भावेश, आमचा सुपरवायझर, खुर्चीतून न उठता ओरडतो, "विद्याताई, धुकं टाक!" की मी धुकं टाकते. धुक्यावर कोणी भांडत नाही. माणसं सुस्कारा सोडतात आणि फोन ठेवतात.

या डिसेंबरात भावेशनं आणखी एक शक्कल काढली. "तुझा आवाज किती विश्वासू आहे," म्हणाला आणि मला स्टेशनरीच्या खोलीत कोंडून मोबाईलवर रेकॉर्डिंग करून घेतलं. रिकाम्या खोक्यांच्या मधे उभं राहून मी बोलले, "दिल्ली विमानतळावर दाट धुक्यामुळे विमानसेवा विस्कळीत झाली आहे. कृपया थांबा. धुकं उठताच आम्ही तुम्हाला कळवू." शेवटच्या वाक्यात मला खोकला आला. भावेश म्हणाला, "राहू दे, खरं वाटतं." तेव्हापासून ग्राहक लाईनवर ताटकळला की त्याला माझा आवाज ऐकू येतो, खोकल्यासकट.

२

आमच्या ईराचं जावळ रविवारी ठरलं होतं. अकरावा महिना संपायच्या आत करायचं, आणि जावळ मामाच्या मांडीवर. मुलीचं कशाला करता, असं विचारणारे शहाणे भेटले. आमच्याकडे मुलीचंही करतात, आणि मामाच्या मांडीवरच करतात.

ईराला मामा एकच. केदार, माझा धाकटा भाऊ. आई-बाबा गेले तेव्हा तो नववीत होता. त्याचे डबे मी केले, त्याच्या शाळेत पालक म्हणून मी सही केली, त्याला पहिल्यांदा दाढी करायला आरसा मी धरला. आता दिल्लीत नोकरी करतो. आमच्या दोघांत एकच कायदा होता, की जगाला काय वाटेल ते सांगू, एकमेकांना थाप मारायची नाही. तो कायदाही मीच केला होता, बाबांच्या दिवसकार्यानंतर, कारण बाबांच्या आजाराबद्दल सगळ्यांनी आम्हाला खोटं सांगितलं होतं.

शुक्रवारी सकाळी साडेसातचं त्याचं विमान होतं. आठ वाजता त्याचा फोन आला.

"ताई, तुझं ते धुकं खरंच असतं गं! समोरचं विमान दिसत नाहीये. चेक-इन झालंय, पण कधी सोडतील कोणी सांगत नाही. हे रद्द करून रात्रीची गाडी पकडू का? उद्यापर्यंत तरी पोचेन."

मी तेव्हा एका कानाला केदार आणि दुसऱ्या कानाला हेडफोन अशी बसले होते. हेडफोनवर शहापूरचा एक माणूस चष्म्यासाठी वैतागला होता. खरं सांगायचं तर केदार काय म्हणाला ते मी नीट ऐकलंही नाही. तोंडातून आपोआप गेलं, "कृपया थांबा. धुकं उठताच आम्ही तुम्हाला कळवू."

पलीकडे केदार खो खो हसला. "अगं, मी आहे! गिऱ्हाईक नाही."

"हो रे, समजलं. थांब तिथंच, हलू नकोस. अकरापर्यंत उठतंच धुकं."

"तू म्हणतेस म्हणजे उठणार. ईरासाठी कुंची घेतलीय, पिवळी. फोटो पाठवत नाही, घालूनच दाखवतो."

३

दिल्लीचं धुकं साडेदहाला उठलं. आमच्या पडद्यावर विमानांची यादी सतत वर सरकत असते, त्यात लाल खुणा हिरव्या होत गेल्या. केदारचं विमान अकराला सुटलं आणि एकच्या सुमाराला मुंबईत उतरलं. मी मनातल्या मनात त्याला टॅक्सीत बसवलं, ठाणे ओलांडून काल्हेरपर्यंत आणलं आणि घरी फोन करून सासूबाईंना कुकर लावायला सांगितलं.

दोन वाजता त्याचा फोन आला.

"कुठवर आलास?"

"कुठवर काय? इथंच आहे. अजून तसंच आहे, ताई. काचेला नाक लावलं तरी बाहेर काही दिसत नाही."

मी पडद्याकडे पाहिलं. दिल्ली, स्वच्छ ऊन. मला आधी हसू आलं, कारण मला वाटलं की स्वारी घराखाली टॅक्सीतून उतरते आहे आणि मला चकवते आहे.

"केदार, पुरे आता. वरण गार होतंय."

"थट्टा नाही गं. लोकही कसले गप्प बसलेत. सकाळी आरडाओरडा चालला होता, आता कोणी बोलत नाही. चहावालाही दिसत नाही." मग तो थांबला. "थांब, अनाउन्समेंट होतेय."

मागून स्पीकरचा घोगरा आवाज आला. मोठ्या रिकाम्या जागेत घुमावा तसा. बाई बोलत होती, मराठीत. दिल्ली विमानतळावर दाट धुक्यामुळे विमानसेवा विस्कळीत झाली आहे. कृपया थांबा. धुकं उठताच आम्ही तुम्हाला कळवू.

शेवटच्या वाक्यात ती खोकली.

"ऐकलंस? थांबा म्हणतायत," केदार म्हणाला आणि फोन कट झाला. मी उलट लावला तर लागेना.

मी हेडफोन काढून ठेवला. घाबरले नाही, उगाच कशाला सांगू. मला संताप आला. माझं ते रेकॉर्डिंग जगात एकाच ठिकाणी वाजतं, आमच्या लाईनवर. म्हणजे हा आमच्या कंपनीला फोन लावून, स्पीकर चालू करून, माझाच आवाज मला ऐकवत होता. माझं वाक्य, माझं धुकं, मलाच विकत होता. कुठं होता देव जाणे, कोणाबरोबर होता, काय लपवत होता! भाचीच्या जावळापेक्षा मोठं असं काय होतं त्याला? मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडला आणि पाच मिनिटं रडले. एक माणूस होता ज्यानं मला थाप मारायची नव्हती, आणि त्यानं थापही माझ्याच दुकानातून उचलली होती.

४

घरी गेल्यावर अवधूतनं, माझ्या नवऱ्यानं, विमान कंपनीला फोन लावला. तो शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्ट पायरीपायरीनं लागते. तिकडच्या मुलीनं तपासून सांगितलं की प्रवाशानं बोर्डिंग पास घेतला, सामान दिलं नव्हतं, नाव तीनदा पुकारलं, पण तो विमानात चढला नाही.

"म्हणजे तो मुद्दामच चढला नाही," मी म्हटलं.

"किंवा त्याला पुकारलेलं ऐकू आलं नाही."

"तीनदा? बहिरा आहे का तो?"

अवधूतनं फोन खाली ठेवला. ईरा त्याच्या खांद्यावर झोपली होती, तिचं जावळ घामानं मानेला चिकटलं होतं. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मनातल्या मनात केदारला वाट्टेल ते बोलले.

त्या रात्री मला कमळबाईंची आठवण झाली. झाली म्हणजे काय, मी वर्षभर ती होऊ देत नव्हते.

गेल्या जानेवारीत, ईराच्या वेळची रजा सुरू व्हायच्या आधी, गणेशपुरीहून एका म्हातारीचा रोज सकाळी फोन यायचा. "बाय, मी कमळ बोलतंय, गणेशपुरीशी. आमच्या म्हाताऱ्याचा औषद आला का?" औषध दिल्लीहून निघालं होतं. पहिल्या दिवशी खरंच धुकं होतं, मी तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पार्सल मुंबईत उतरून आमच्याकडे आलंही, पण कोणीतरी ते परत पाठवायच्या मालात टाकलं. तो माल गाळा नंबर नऊमध्ये असतो, आमच्या गोदामांच्या रांगेतला अगदी शेवटचा गाळा. तिथून एखादी वस्तू बाहेर काढायची म्हणजे तीन सह्या, भावेशची कटकट आणि दोन तास धुळीत हात. मी पडद्यावर बघत होते, औषध माझ्यापासून दोनशे पावलांवर होतं. तरी मी म्हटलं, "आजी, दिल्लीत धुकं आहे."

"मंग धुका कवा उठल गो बाय?"

"उठताच कळवू."

तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशीही. ती कधी चिडली नाही. मी सांगते म्हणजे असणारच, असं तिला वाटायचं. पाचव्या दिवशी तिचा आवाज खाली गेला होता. "आता नको धाडू बाय. म्हातारा गेला सकाली." मग ती म्हणाली, "पन धुका उठला का, त्या तरी सांग."

आता तरी खरं बोलायचं होतं. काय बोलले असेन? "अजून नाही, आजी. कृपया थांबा."

तिनं "बरां" म्हटलं आणि फोन चालूच ठेवला. शेवटी मीच कट केला.

५

शनिवारी मी कामावर गेले, कारण घरी बसून डोकं फुटलं असतं. साडेबाराला केदारचा फोन आला. मी भांडणाच्या तयारीनंच उचलला.

"केदार, तू कुठं आहेस ते खरं सांग. मी सगळं तपासलंय. तुझं विमान काल एक वाजताच पोचलं."

"काल?" तो गोंधळला. "ताई, आत्ता तर आठला बोललो आपण. तू म्हणालीस थांब."

"शपथेवर सांग की तू विमानतळावर आहेस."

"ईराची शपथ." त्याचा आवाज थकलेला होता, पण तो केदारचाच होता आणि नववीतल्या केदारसारखा खरा होता. माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. "गेटजवळच बसलोय. नऊ नंबर. ताई, इथं खूप थंडी आहे गं. आणि एक विचित्र गोष्ट आहे, मला इथं विमानाचा आवाजच येत नाही."

"मग कसला येतो?"

तो बाजूला झाला असावा. मागे काहीतरी वाजलं. टीं, टीं, टीं, आणि मग एक टीं गिळल्यासारखं. टीं, टीं, टीं, आणि पुन्हा एक गिळलेलं.

मी खुर्चीतच वळून खिडकीबाहेर पाहिलं. आमचा माल उचलायचा जुना फोर्कलिफ्ट मागे सरकताना असाच वाजतो. त्याचा चौथा ठोका दोन वर्षांपासून बंद आहे. तो आत्ता गाळ्यांच्या रांगेच्या टोकाला मागे सरकत होता. खिडकीतून आणि फोनमधून, दोन्हीकडून मला तो एकाच वेळी ऐकू येत होता.

"केदार, तू दापोड्यात आहेस!"

"मी कुठं..." तो म्हणाला, आणि त्याच्यामागे माझा स्पीकरवरचा आवाज सुरू झाला, आणि फोन बंद पडला.

मी मनाशी सगळं मांडून पाहिलं, अवधूतच्या पद्धतीनं. केदार विमानात चढला नाही, म्हणजे दुसऱ्या कशानं तरी आला. आमच्या गोदामात घुसला. कदाचित मला चकित करायला, कदाचित काहीतरी लफडं करून लपायला. कदाचित त्याचं डोकं फिरलंय. यातलं काहीही चाललं असतं मला, अगदी लफडंसुद्धा. शटर वर करायचं, कान धरायचा आणि घरी न्यायचं. उद्या दहाला मुहूर्त होता.

६

किल्ल्या महादूकडे असतात. महादू आमचा वॉचमन, इथलाच, ज्या जमिनीवर ही गोदामं उभी आहेत त्यावर त्याच्या आजाची भातशेती होती. तीन वाजता मी त्याला गाठलं तेव्हा तो उन्हात खुर्ची टाकून शेंगा सोलत होता.

"नऊ नंबर? ताई, थय कोन न्हाय. दिवाळीपासून शटर उघडला न्हाय."

"उघडा तरी."

"भावेश शेट बोंब मारतील."

"मारू देत. माझा भाऊ आत आहे."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, शेंगा खिशात टाकल्या आणि उठला.

बाहेर छान ऊन होतं. पत्र्यांवरून ते डोळ्यांत घुसत होतं, ट्रकवाले चादरी वाळत घालत होते, एक जण रेडिओ लावून टायर ठोकत होता. नऊ नंबरच्या शटरच्या कुलपावर धुळीचा थर तसाच होता. तो पाहून मी मागे फिरायला हवं होतं. आत माणूस गेलाच नव्हता, हे कोणीही सांगितलं असतं. महादूनं कुलूप काढलं, दोघांनी मिळून शटर कमरेएवढं उचललं आणि ते अडलं.

खालून गार हवा आली आणि माझे पाय भिजल्यासारखे झाले. "एसी हाय का आत?" महादू पुटपुटला. मी वाकून आत शिरले.

मला वाटलं धूळ आहे. आमच्याकडे धूळ उडते, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यांचा धूरही येतो, भिवंडीत नवल नाही त्याचं. पण धूळ गार नसते आणि ओठांवर पाणी ठेवत नाही. दोन पावलांवर माझा हात मला दिसेनासा झाला. शटरखालून येणारा उजेड पांढरा होऊन तिथंच थांबला होता. चिकटपट्टीचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता.

मग वरून स्पीकर खरखरला. नऊ नंबरमध्ये स्पीकर नाही. कधीच नव्हता. माझा आवाज म्हणाला, दिल्ली विमानतळावर दाट धुक्यामुळे.

तो संपेपर्यंत मी उभी राहिले. खोकला आला, संपला. आणि मग मला श्वास ऐकू आले. एक-दोन नव्हे. खूप. शाळेत प्रार्थनेनंतर डोळे मिटून बसलेल्या मुलांचे येतात तसे, दबून घेतलेले.

धुकं थोडं हललं. खोक्यांच्या रांगा होत्या आणि खोक्यांवर माणसं बसली होती, माझ्याकडे पाठ करून. शाली, स्वेटर, एक शाळेचं दप्तर. कोणी हलत नव्हतं. माझ्या सगळ्यांत जवळ एक म्हातारी होती, हिरव्या लुगड्याची, मांडीवर दोन्ही हात रिकामे ठेवून बसलेली. ती वळली नाही. फक्त मान जराशी तिरकी केली, ऐकायला.

"बाय," ती म्हणाली, "धुका उठला का?"

तिच्या त्या शब्दासरशी सगळ्या पाठी ताठ झाल्या. आणि तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ, मला पिवळं काहीतरी दिसलं. कुंची होती. ती धरणारा हात मी ओळखला, मनगटावर इस्त्रीचा जुना डाग होता, माझ्याच हातून लागलेला. केदार उठायला लागला होता. खोक्यावर हात टेकून, अर्धवट वाकून, तो माझ्या उत्तराची वाट बघत होता. बाकीचेही उठू लागले होते. पुठ्ठे करकरले.

फक्त "हो" म्हणायचं होतं. हो, उठलं. चला. एवढंच. मी तोंड उघडलं. माझ्या मनात "केदार, चल घरी" हे शब्द होते, ईराच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, हेच होते.

"कृपया थांबा," मी म्हणाले. "धुकं उठताच आम्ही तुम्हाला कळवू."

विश्वासू आवाज होता माझा. जरासुद्धा कापला नाही. चार वर्षांच्या सवयीनं तो इतका नीट निघाला की मला तो अडवताच आला नाही.

म्हातारी म्हणाली, "बरां." पुठ्ठे पुन्हा करकरले. एकेक करून सगळे खाली बसले. केदारही बसला.

मी किंचाळले असेन. महादूनं मला कमरेला धरून मागे ओढलं, शटर खडखडत वर गेलं आणि ऊन आत पडलं. गाळ्यात माणसाएवढी खोकी होती, उंदरांनी कुरतडलेली पोती होती आणि तोंडावर येणारा उकाडा होता.

"ताई, कोनाशी बोलत व्हता?" महादूनं विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता. माझ्या केसांवरून पाणी ठिबकत होतं, ते तो बघत होता.

मी सगळी पोती उपसली. भावेश आला, ओरडला, गेला. पाच वाजता एका पोत्याच्या तळाशी मला एक लहान खोकं सापडलं, गणेशपुरीच्या पत्त्याचं. आतल्या बाटल्या तशाच होत्या. दुसरं काहीही मिळालं नाही.

७

रविवारी दहाला जावळ झालं. अवधूत म्हणत होता, पुढे ढकलू, आधी पोलिसांत जाऊ. सासूबाई म्हणाल्या, मुहूर्त चुकवायचा नाही, पोलीस बारा वाजताही असतात. मामाच्या पाटावर कोणाला बसवायचं यावरून पाहुण्यांत कुजबुज चालली होती. मी कोणालाही बसू दिलं नाही. पाट मोकळा ठेवला, ईराला मी शेजारी घेऊन बसले आणि न्हाव्याला म्हटलं, जरा थांबा. तो शब्द तोंडातून गेला आणि मला शिसारी आली.

तेवढ्यात फोन वाजला. केदार.

मी ईराला अवधूतकडे दिलं आणि बाल्कनीत पळाले.

"ताई," तो म्हणाला. त्याच्या आवाजात हसू होतं, लहानपणी मी शाळेत न्यायला गेले की असायचं तसं. "ताई, तू आली होतीस ना? मी पाहिलं तुला."

"केदार, ऐक. उठलं धुकं. कालच उठलं, शुक्रवारीच उठलं. तू ऊठ. खोक्यावरून ऊठ, सरळ चालत ये, समोर शटर आहे. मी खोटं बोलले रे. मी सगळ्यांशी खोटं बोलले. ऊठ!"

पलीकडे तो नीट ऐकत होता. मधे "हं" म्हणत होता.

"हो हो," तो म्हणाला, "थांबायचं ते कळलं, ताई. किती वेळा तेच सांगशील? तू थांब म्हणालीस म्हणून तर थांबलोय. माझ्या शेजारचे एक काका मघाशी निघाले होते, त्यांनाही मीच बसवलं. म्हटलं, ती माझी बहीण आहे, ती आपल्याला फसवणार नाही."